जीव घाबरते म्हणजे काय

आर्वीच्या ज्या महाविद्यालयात माझी सगळी नोकरी ग्रंथपाल म्हणून गेली, तिथून मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात प्राचार्य म्हणाले की मॅडमनी आपलं ग्रंथालय कार्डांच्या कपाटापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत आणून सोडलं. टाळ्या वाजल्या. मी शाल आणि नारळ मांडीवर घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, आणून सोडलं हे खरं, पण कुठे सोडलं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा आधी वाटलं, वाळवी लागलेले गठ्ठे, लग्न ठरल्यावर पुस्तकासकट सासरी गेलेल्या मुली, असं काहीतरी लिहावं. वाचकांना ते आवडतं. पण डोक्यात फिरत राहते ती शेवटच्या दोन-तीन वर्षांतली एक गोष्ट. ती सांगताना मध्येच माझा गोंधळ होतो, हे आधीच सांगून ठेवते.

त्या काळाची चुणूक मला एका पुस्तकानं दिली. एम.ए. इतिहासाचा एक विद्यार्थी विदर्भातल्या कापसाच्या बाजारपेठांवरचं एक पुस्तक मागायला आला. नाव, लेखक, प्रकाशक, साल, सगळं व्यवस्थित सांगितलं. आमच्याकडे नव्हतं. मी वर्ध्याला फोन केला, नागपूरच्या ओळखीच्या ग्रंथपालांना विचारलं, जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला कामाला लावलं. कुणी ऐकलेलंसुद्धा नव्हतं. शेवटी त्या मुलाला विचारलं की तुला कुणी सांगितलं. त्यानं मोबाइल पुढे केला. एआयनं सांगितलं होतं. मी त्याच्यासमोरच यंत्राला टाइप करून विचारलं की हे पुस्तक खरंच आहे का. यंत्रानं चूक कबूल केली, क्षमा मागितली आणि दुसरं पुस्तक सुचवलं. तेही नव्हतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, हे तं माफी बी मागते." त्याला त्याचंच जास्त कौतुक वाटलं.

मला राग यायला हवा होता. पण त्या पुस्तकाचं नाव इतकं चांगलं होतं की ते असतं तर मी स्वतः वाचलं असतं. असं पुस्तक कुणी का लिहिलं नाही, याचंच वाईट वाटत राहिलं.

पुढे लवकरच प्राचार्यांनी एक समिती नेमली. विद्यार्थ्यांनी संशोधनात एआय कसं वापरावं, किती वापरावं, याचे नियम करायचे होते. निमंत्रक मी. मला या विषयातलं काही कळत नाही असं मी स्पष्ट सांगितलं. प्राचार्य म्हणाले, तपासणीचं सॉफ्टवेअर ग्रंथालयात आहे, म्हणून समितीही ग्रंथालयात. त्यांच्या म्हणण्यात तर्क होता, एवढं मात्र मान्य करावं लागेल.

हे तपासणीचं काम काय असतं ते थोडं सांगते, कारण बाहेर ते फारसं माहीत नसतं. पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी आमच्याकडे येतो. आम्ही तो संगणकात टाकतो. सॉफ्टवेअर तो मजकूर आधी छापल्या गेलेल्या मजकुराशी ताडून बघतं आणि किती जुळतो त्याचा टक्का देतं. टक्का मर्यादेत असला की ग्रंथपाल प्रमाणपत्रावर सही करतो. इथपर्यंत मला समजत होतं. नक्कल म्हणजे नक्कल, ती दाखवता येते. नंतर त्याच सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक टक्का दिसायला लागला, हा मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं याचा. हा टक्का कशाशी जुळवून काढत नाहीत. तो अंदाज असतो. पण तो लाल अक्षरांत येतो, आणि लाल अक्षरांतला अंदाज कुणाला अंदाज वाटत नाही.

समितीच्या दोन बैठका चहावर गेल्या. तिसऱ्या बैठकीत वाणिज्य विभागाच्या एका तरुण प्राध्यापकांनी छापील नियमावली आणली. उत्तम भाषा, उत्तम मुद्दे. सगळ्यांनी मान डोलावली. मी सहज म्हणून ती त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, तर सगळीच्या सगळी लाल झाली. प्राध्यापक हसले आणि म्हणाले की वेळ कुठे होता. नियम चांगले होते, म्हणून आम्ही तेच मंजूर केले. त्यातला मुख्य नियम असा होता की विद्यार्थ्यानं एआय वापरलं असेल तर कुठे आणि कशासाठी ते प्रबंधात लिहावं.

पल्लवीनं तो नियम तंतोतंत पाळला होता, आणि तरी सगळा घोळ तिथेच झाला.

पल्लवी आर्वीजवळच्याच एका गावची, शेतकऱ्याच्या घरातली. समाजशास्त्रात पीएच.डी. करत होती. विषय होता जिनिंगमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांचा. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. आमच्याकडे त्याला नुसतं जीन म्हणतात. हंगामात कापूस आला की बायका तिथे कापूस पुढे लोटतात, त्यातला पिवळा कापूस आणि कचरा वेचतात, आणि दिवसभर त्या उडणाऱ्या धुळीत उभ्या असतात. बाहेर येतात तेव्हा भुवयांवर रुई बसलेली असते. पल्लवी अशा बऱ्याच बायकांशी बसून बोलली होती आणि ते सगळं तिनं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं.

ती कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची, घरी लहान मूल. एवढ्या तासांचं बोलणं ऐकून उतरवायचं, मग इंग्रजीत करायचं, म्हणजे वर्ष गेलं असतं. प्रबंध इंग्रजीत हवा हा तिच्या मार्गदर्शकांचा, वानखडे सरांचा आग्रह होता, पुढे नोकरीला उपयोग होईल म्हणून. तेव्हा तिनं ते रेकॉर्डिंग एआयला दिलं. यंत्रानं बोलणं उतरवलं आणि इंग्रजीत करून दिलं. तिनं ते इंग्रजी वाचून प्रकरणं लिहिली आणि पहिल्या प्रकरणात हे सगळं प्रामाणिकपणे नोंदवलं.

प्रबंध माझ्याकडे आला तेव्हा नकलेचा टक्का अगदी कमी होता. पण पाचवं प्रकरण लाल झालं. मी तिला बोलावलं. ती आली ती घाबरलेलीच. म्हणाली, "मॅडम, लिहिलं मीच आहे. बायकांचं बोलणं तेवढं मशीनकडून करून घेतलं. ते मी लपवलं नाई."

मला तिच्यावर अविश्वास नव्हता. पण विश्वासाच्या आधारे सही करायची सोय नव्हती. लाल मजकुरात तिचं काय आणि यंत्राचं काय ते वेगळं काढू, असं मी सुचवलं. मूळ रेकॉर्डिंग आहे का विचारलं तर होतं. वाचनालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी आम्ही बसलो. इअरफोनची एक पुंगळी तिच्या कानात, दुसरी माझ्या. समोर पाचवं प्रकरण. त्याचं नाव होतं, मराठीत सांगायचं तर, 'भीतीच्या छायेत काम'.

पहिलाच आवाज बेबीबाईंचा होता. आवाजामागे यंत्रांची घरघर. "सुट्टीच्या दुसऱ्या दिशी जिनात गेलं का लय जीव घाबरते. मंग मी भायेर येऊन बसतो."

प्रकरणात बेबीबाईंच्या तोंडी जे इंग्रजी वाक्य होतं त्याचा अर्थ असा: सुट्टीनंतर कामावर परत जायची मला फार भीती वाटते, मग मी बाहेर येऊन बसते.

मी पल्लवीला ते परत लावायला सांगितलं. परत ऐकलं. मी म्हटलं, "पल्लवी, जीव घाबरते म्हणजे काय?"

हे विचारताना मला स्वतःलाच विचित्र वाटलं. माझं माहेर हिंगणघाटकडचं. माझी आई जिना चढून आली की पदरानं वारा घेत म्हणायची, जीव घाबरून राह्यला. तेव्हा तिला दम लागलेला असायचा, भीती बिती काही नसायची. पण भाऊ घरी यायला उशीर करायचा तेव्हाही ती हेच म्हणायची. तेव्हा ती काळजी असायची. मग बेबीबाईंचं कुठलं? पल्लवीच्या घरीही हेच शब्द. कागदावर इंग्रजीत ते वाचून मात्र तिला त्यात एकच अर्थ दिसला होता.

आम्ही पुढे ऐकत गेलो. आणखी बायकांच्या बोलण्यात हेच आलं होतं. कुणी म्हणे जीव घाबरते, कुणी म्हणे जीव कसा कसा होते. यंत्रानं सगळीकडे भीती केली होती. त्यावर पल्लवीनं मुकादमाचा धाक, मालकाची दहशत, कामावर परतण्याची धास्ती, असं विवेचन केलं होतं. फार चांगलं लिहिलं होतं तिनं. वाचताना अंगावर काटा यायचा. आणि ते खरं आहे की नाही हे आता तिला माहीत नव्हतं.

तिनं कानातली पुंगळी काढली. मग म्हणाली, "मॅडम, मी सोता त्यांच्यासमोर बसलेली होती. धापा टाकून बोलत होत्या त्या. मी पाह्यलं होतं. मंग लिहिताना मले कसं नाई समजलं?"

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि पाचवं प्रकरण तिच्यापुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी वानखडे सर ग्रंथालयात आले. माणूस वाईट नाही. पल्लवीची नोंदणी व्हावी म्हणून त्यांनीच विद्यापीठात खेटे घातले होते. ते म्हणाले की अनुवादात थोडं इकडंतिकडं होतंच, नोंदणीची मुदत संपत आली आहे, आणि एका ठिकाणी सहायक प्राध्यापकाची जागा निघते आहे, त्याआधी प्रबंध गेला पाहिजे. भाषा थोडी फिरवली की लाल टक्का खाली येईल, तसं करून देणारी साधनंही मिळतात. मी अर्थाचा मुद्दा काढला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचं काम प्रमाणपत्राचं. अर्थ बरोबर की चूक हे तुमच्याकडे कुठं येतं?"

खरंच येत नव्हतं. आमच्या नियमावलीत तसं काहीच नव्हतं. नियमाप्रमाणे पल्लवीनं साधनाचा उल्लेख केला होता, नक्कल नव्हती, भाषा फिरवली असती तर लालही गेलं असतं. त्याच वर्षी एक प्रबंध माझ्याकडून असाच गेला होता, दोन्ही टक्के उत्तम. वाचताना मला सारखं वाटत होतं की यात माणूस कुठे दिसत नाही. पण तसं लिहायला प्रमाणपत्रावर जागा नव्हती. आता इथे माणसं होती, त्यांच्या धापा मी कानानं ऐकल्या होत्या, आणि लाल मात्र हाच प्रबंध झाला होता. मी घरी गेले तरी हेच उलटसुलट चालू होतं.

पल्लवी मात्र सकाळीच फोनवर म्हणाली की मी जिनात जाऊन विचारते, तुम्ही येता का.

आम्ही जेवणाच्या सुट्टीत गेलो. बाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या होत्या. फाटकाजवळच्या झाडाखाली बायका डबे उघडून बसल्या होत्या. बेबीबाई पन्नाशीच्या पुढच्या, वाळलेल्या अंगाच्या, डोक्याला घट्ट फडकं बांधलेल्या. पल्लवी त्यांना मावशी म्हणायची. तिनं आपलं लिखाण मराठीत वाचून दाखवलं. सुट्टीनंतर कामावर परत जायची मला फार भीती वाटते.

बेबीबाईंनी घास थांबवला. "हे कोन म्हटलं?"

"तुमीच म्हटलं, मावशी. मागच्या साली."

"मले काय भेव वाटते कामाचं? बारा-पंधरा सालं झाले इथं." त्या बाकीच्या बायकांकडे बघून हसल्या. मग पल्लवीला म्हणाल्या, "तू तं लिवलं नसशीन असं. कोनं लिवलं?"

पल्लवी म्हणाली की मशीननं.

"कोनत्या मशीननं?" बेबीबाईंनी मागे वळून जिनाकडे पाहिलं. त्यांच्या लेखी मशीन एकच होती. पल्लवीनं मोबाइल दाखवून समजवायचा प्रयत्न केला की तुमचा आवाज यात घेतला, तो कॉम्प्युटरकडे पाठवला, त्यानं लिहून दिलं. बेबीबाईंनी विचारलं की तो कॉम्प्युटर कुठे आहे, कॉलेजात का. पल्लवीला सांगता येईना. तिनं मुलाखतीच्या आधी सगळ्यांची संमती घेतली होती, पण आवाज असा कुठेतरी जाणार हे सांगितलं नव्हतं, कारण तिलाही ते तसं सुचलं नव्हतं. तिनं तिथेच सगळ्यांची माफी मागितली. बायकांना ती कशाबद्दल मागते आहे ते फारसं कळलं नाही.

मग मी विचारलं की जीव घाबरते म्हणजे नेमकं काय होतं. बेबीबाईंनी छातीवर हात ठेवला. "इथं आवळल्यावानी होते. सुट्टीच्या दुसऱ्या दिशी जास्ती. मंग दोन-तीन दिसानं कमी होते."

पल्लवीनं लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, एका शब्दाचा घोटाळा होता, सुटला. तेवढ्यात बेबीबाईच म्हणाल्या, "पन दम कोंडला का भेव बी वाटतेच ना वं. आता जातो का राह्यतो असं वाटते."

आणि त्यांच्या शेजारची एक तरुण बाई खाली बघून म्हणाली की मला दम लागत नाही, मला पट्ट्याचंच भेव वाटते. तिच्यासमोर एकीचा पदर यंत्राच्या पट्ट्यात अडकला होता. तेव्हापासून तिचा जीव घाबरतो.

आम्ही परत निघालो. मी मनात हिशेब लावत होते. म्हणजे यंत्र चुकलं होतं की अर्धं बरोबर होतं? त्या तरुण बाईच्या बाबतीत बरोबर, बेबीबाईंच्या बाबतीत चूकही आणि बरोबरही, आणि बाकीच्यांचं तर माहीतच नाही. कॉलेजच्या फाटकाशी पल्लवी म्हणाली की आता प्रत्येकीला परत जाऊन विचारावं लागेल. मी तिला मुदतीची आठवण करून दिली. तिला ती होतीच.

वानखडे सर चिडले. तिच्यावर आणि माझ्यावरही. मुदतवाढीचा अर्ज घेऊन ती त्यांच्याकडे गेली तेव्हा ते म्हणाले की तुझ्या जागी मी असतो तर हे केलं नसतं. असं म्हणून त्यांनी सही केली. त्या नोकरीची मुलाखत हातची गेली. पल्लवीला सासरी यावरून बोलणी खावी लागली, ती तिनं मला कधी सविस्तर सांगितली नाहीत. मी तिला नको त्या वाटेला लावलं का, असं मला त्या दिवसांत अनेकदा वाटलं. मी तर तिला जा असंही म्हटलं नव्हतं आणि नको असंही.

हंगाम संपेपर्यंत ती जिनात आणि बायकांच्या घरी जात राहिली. सगळं रेकॉर्डिंग तिनं स्वतः ऐकलं. यंत्रानं उतरवलेलं समोर ठेवून ऐकायची, चुकलं तिथे थांबायची. ती सांगायची की त्यानं बरंच बरोबर उतरवलंय, त्यामुळे जास्त त्रास होतो. सगळंच चुकलं असतं तर फेकून दिलं असतं.

वर्ध्याजवळ सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात छातीच्या एका डॉक्टरांकडे ती कुणाच्या तरी ओळखीनं गेली. तिनं बायकांचं म्हणणं सांगायला सुरुवात केली, तर डॉक्टरांनीच विचारलं की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त होतो का. कापसाच्या धुळीनं असं होऊ शकतं, हे त्यांना शिकवलेलं असतं. हे ऐकून पल्लवी मला भेटायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पाचव्या प्रकरणात याच एका गोष्टीवर तिनं 'परतण्याची धास्ती' असा अख्खा भाग लिहिला होता. ज्या वाक्यावरून डॉक्टर छाती तपासायला सांगतात, त्या वाक्यावरून तिनं मुकादमाला दोषी धरलं होतं.

काही बायकांना ती सावंगीला घेऊन गेली. मला वाटलं होतं तिथे तरी पक्कं काही कळेल. डॉक्टर म्हणाले, धूळ आहेच, पण चुलीचा धूर आहे, खर्रा-तंबाखू आहे, कशानं किती हे एका भेटीत सांगता येणार नाही. बेबीबाईंना ओढायचा पंप दिला आणि धुळीपासून दूर राहा म्हणून सांगितलं. दूर म्हणजे कुठे, असं बेबीबाईंनी विचारलं.

नवीन पाचवं प्रकरण तिनं हातानं मराठीत लिहिलं आणि मग स्वतःच इंग्रजीत केलं. साधी, छोटी वाक्यं. एकेका बाईचं म्हणणं वेगळं ठेवलं. आणि पद्धतीच्या प्रकरणात, आपण यंत्र कसं वापरलं, त्यात काय चुकलं आणि ते कसं लक्षात आलं, हे न लपवता सविस्तर लिहिलं. मी ते सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. लाल टक्का आधीपेक्षा जास्त आला.

मी दोनदा तपासलं. तेच. वाणिज्यचे ते तरुण प्राध्यापक म्हणाले की साधी, सरळ वाक्यं असली की त्याला यंत्राचा संशय येतो कधीकधी. म्हणजे आता या मुलीनं प्रामाणिक दिसण्यासाठी वाक्यं वाकडी करायची का, असं मी विचारलं. ते म्हणाले की मला माहीत नाही, मॅडम. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा आवडले.

मी प्रमाणपत्रावर सही केली. खाली हातानं एक ओळ लिहिली की या प्रकरणाची मूळ ध्वनिमुद्रणं मी लेखिकेसोबत ऐकली आहेत. असं लिहिता येतं की नाही हे मी कुणाला विचारलं नाही. विद्यापीठातून आक्षेप येईल अशी धास्ती होती. आक्षेप आला नाही. कुणी ती ओळ वाचली की नाही तेही कळलं नाही.

समितीत मी एक नियम घालायला लावला की ज्याचा आवाज यंत्राकडे जाणार त्याला आधी सांगावं. सगळ्यांनी होकार दिला. मग एकानं विचारलं की सांगायचं काय, आवाज कुठे जातो म्हणून? बैठकीत कुणालाच माहीत नव्हतं. नियम तसाच मंजूर झाला.

मौखिक परीक्षा झाली ती मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं की एवढं झाल्यावर पुन्हा असं साधन वापराल का. सभागृहात आम्ही सगळे कान टवकारून बसलो. पल्लवी हो म्हणाली. मागे कुजबुज झाली. ती म्हणाली की मला घर आहे, नोकरी आहे, दिवस तेवढाच आहे, वापरणारच. पण बायकांचं बोलणं लिहून झालं की आधी त्यांना वाचून दाखवीन. परीक्षकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती पुढच्या प्रश्नाकडे वळण्याची, ते मला कळलं नाही. पदवी मिळाली. वानखडे सरांनी पेढे वाटले, मला दोन दिले.

पल्लवीनं ठरवलं होतं की बांधलेला प्रबंध घेऊन बायकांकडे जायचं आणि पाचवं प्रकरण मराठीत वाचून दाखवायचं. मी तेव्हा निवृत्त झाले होते, तरी तिनं मला नेलं. बेबीबाईंच्या अंगणात सतरंजी टाकली होती. जिनाचा हंगाम नव्हता, तरी बेबीबाई बोलताना मध्ये थांबायच्या. पंप कमरेच्या पिशवीत होता. शेजारणींनाही त्या तो ओढायला देतात हे तेव्हा कळलं, आणि पल्लवीला आधी अर्धा तास त्यावरच बोलावं लागलं.

मग तिनं वाचलं. बायका मन लावून ऐकत होत्या. एकीनं मध्ये दुरुस्ती सांगितली, ती पल्लवीनं पेन्सिलनं समासात लिहिली, प्रबंध मंजूर झालेला असूनही. बेबीबाईंचं म्हणणं आलं तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. छाती आवळल्यावानी होते, सुट्टीच्या दुसऱ्या दिशी जास्ती, आणि दम कोंडला का भेव बी वाटते. शब्दाला शब्द होता.

बेबीबाई म्हणाल्या, "हे बराबर हाये. पन माह्यं नाव काऊन नाई घेतलं?"

प्रबंधात त्यांच्या जागी एक क्रमांक होता. पल्लवीनं समजावलं की संशोधनाचा तसा नियमच आहे. बोलणाऱ्याचं नाव छापायचं नाही, नाहीतर मालकाला कळलं तर तुम्हाला त्रास होऊ शकतो. हा नियम आमच्या समितीचा नव्हता. जुना, चांगला, विचार करून केलेला नियम होता. मीही तिच्या बाजूनं दोन शब्द बोलले.

बेबीबाईंनी ऐकून घेतलं. "मालकाले तं मीच सांगतलं. मले जिनात दम लागते, मले भायेर काम द्या म्हणून तोंडावर सांगतलं. त्याले माहीत हाये." मग पल्लवीच्या मांडीवरच्या त्या जाड, सोनेरी अक्षरांच्या प्रबंधाकडे बोट करून म्हणाल्या, "यालेच तं माहीत नाई."

पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर पुस्तकांवरची नावं बघून ती जागेवर लावायचं काम मी केलं. पल्लवीनं प्रबंध मिटला, पेन्सिल हातात तशीच होती. तिनं तो पुन्हा उघडला, ते पान काढलं आणि क्रमांकाच्या शेजारी, समासात, बेबीबाईंना विचारून विचारून त्यांचं पूर्ण नाव लिहू लागली. असं करावं की नाही, मला माहीत नाही. मी तिला अडवलं नाही.